हजेरीपटातली बाजारपेठ

माझ्या वर्गाच्या हजेरीपटात एक अख्खी बाजारपेठ आहे. अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, शिकलगार, पिंजारी, रंगरेज, मोमीन, मुलाणी, पटवेकरी. मी पिंपरी-चिंचवडमध्ये शिकवते. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी, आणि वेळ पडली तर उर्दूसुद्धा. रोज सकाळी ही नावं घेते तेव्हा मला वाटतं, एवढी माणसं एकत्र आली तर एखादं गाव आरामात चालेल. पण बागवानांची दोन घरं सोडली तर आडनावातला धंदा आज कुणाच्याच घरी नाही. वडील रिक्षा चालवतात, चाकणला ठेक्यावर कामाला जातात, मोबाईलचं दुकान टाकतात. मुलांना आडनावाचा अर्थही माहीत नसतो. एका मुलीनं मला विचारलं, "टीचर, शिकलगार म्हणजे काय?" ती स्वतः शिकलगार होती.

मी त्यांना फळ्यावर एक वाक्य लिहून दिलं : पोलिसांनी सगळा परिसर पिंजून काढला. अर्थ सगळ्यांना आला. वर्तमानपत्रात रोज असतं ते. मग विचारलं, पिंजणं म्हणजे काय? कुणी हात वर केला नाही. वर्गात एक पिंजारी आडनावाचा मुलगा आहे, तो वहीत बघत राहिला. नंतर त्याच्या अम्मीनं सांगितलं, आम्ही आता आधारवर 'शेख' करून घेणार आहोत, मुलं चिडवतात.

हे मी शांतपणे ऐकू शकले नाही, कारण माझं माहेर पिंजाऱ्याचं. अब्बा बार्शीकडून पिंपरीला आले ते एका प्रेस शॉपमध्ये हेल्पर म्हणून. त्या काळी सगळेच असे येत होते. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९७२ च्या दुष्काळानं मराठवाड्यातली आणि सोलापूरकडची गावं रिकामी केली, आणि शेताशिवारातली, हातधंद्यातली माणसं इथल्या पत्र्याच्या खोल्यांत येऊन राहिली. अब्बांनी येताना पिंजणही आणलं होतं. कंपनीतून सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी, थंडी सुरू व्हायच्या आधी, ते वस्तीतल्या गाद्या पिंजत.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीचं मोठं धनुष्य. त्याला दोरी असते ती आतड्याची, तिला तात म्हणतात. गादीची खोळ उसवून आतला गोळे झालेला कापूस बाहेर काढायचा, उन्हात घालायचा, मग ती तात कापसात धरून लाकडी मोगरीनं ठोकायची. तात थरथरते, आणि दाबून दाबून दगड झालेला कापूस पुन्हा ढगासारखा मोकळा होतो. त्यात किलो-दोन किलो नवा कापूस घातला की जुनी गादी परत नवी. खोळ शिवायची, मोठ्या सुईनं जागोजागी टाके घालायचे, झालं. माझ्या नानीच्या लग्नातली गादी माझ्या धाकट्या भावाच्या पाळण्यापर्यंत आली, ती अशी.

आता फोमची गादी आहे. ती बसली की बसली. तिला उसवता येत नाही, वाळवून मोकळी करता येत नाही, तिच्यात भर घालता येत नाही. सोसायटीच्या कोपऱ्यावर ती पावसात भिजत पडते आणि शेवटी कचऱ्याच्या गाडीतून मोशीच्या डेपोकडे जाते. तांब्या-पितळेच्या भांड्यांचंही तेच. त्यांना कल्हई लागायची. भांडं घासून तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील टेकवायचं आणि कापडाच्या बोळ्यानं आतून फिरवायचं. पांढरा धूर निघायचा आणि काळं भांडं चांदीसारखं व्हायचं. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं, हे माझ्या अम्मीला पुस्तक न वाचता माहीत होतं. नॉनस्टिकचा लेप गेला की तवा फेकावा लागतो, एवढंच आपल्याला माहीत आहे.

आता कुणी म्हणेल, बाई जुन्या दिवसांच्या आठवणी काढत बसली. तसं नाही. अब्बांना शेवटची पंधरा वर्षं खोकला होता. कापसाचे तंतू छातीत जातात. तोंडाला बांधलेल्या रुमालानं ते थांबत नाहीत. रात्री त्यांची उबळ ऐकून मी अभ्यास केला, बी.एड. केलं. माझ्या मुलानं पिंजण उचलावं असं मला वाटत नाही, आणि अब्बांनाही वाटत नव्हतं. यंत्रानं कापूस पिंजला जातो याचं मला दुःख नाही. मला बोचते ती दुसरी गोष्ट. आम्ही धंदा सोडला तेव्हा त्याच्याबरोबर दुरुस्तीची सवयही सोडली, आणि ती सोडताना तिची लाजही वाटून घेतली.

ही लाज कुठून आली, हे समजून घ्यायला हवं. आपल्याकडे हुनर जन्माला बांधलेला होता. पिंजाऱ्याच्या पोरानं पिंजायचं, शिकलगाराच्या पोरानं धार लावायची, आणि सय्यद-पठाणांच्या घरात या दोघांची मुलगी द्यायची-घ्यायची नाही. इस्लाममध्ये जात नाही असं आपण व्यासपीठावर सांगतो आणि सोयरिकीच्या वेळी आडनाव विचारतो. म्हणून ज्याला वर यायचं होतं त्यानं आधी हातातलं अवजार टाकलं. यात त्याचा दोष काय? पण मीलादच्या जलशात दरवर्षी हेही सांगितलं जातं की पैगंबर स्वतःची चप्पल स्वतः शिवत, कपड्याला ठिगळ लावत, घरकामात हात लावत. ते ऐकून आपण सुबहानल्लाह म्हणतो, आणि घरी येऊन उसवलेला कुर्ता टाकून देतो.

सरकारच्या नजरेतही ही माणसं फारशी येत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत : सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, चर्मकार, न्हावी, परीट, शिंपी वगैरे. अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. योजना चांगली आहे, वस्तीतल्या दोन शिंप्यांचे अर्ज मीच भरून दिले. पण पिंजारी, कल्हईवाला, रफूगर यांची नावं त्या यादीत नाहीत.

मग हा हुनर वाचवायचा तर कसा? मला वाटतं, तो जातीतून सोडवायचा आणि मोहल्ल्यात वाटायचा. एका घराण्याच्या डोक्यावर सगळा भार आणि बाकीचे फक्त गिऱ्हाईक, ही जुनी रचना परत नको. थोडं थोडं सगळ्यांना यावं, आणि ज्याला जास्त येतं त्याला उस्ताद म्हणावं.

'स्वावलंबन' शब्दाचा अर्थ आपण हल्ली फार चुकीचा घेतो. एकट्यानं सगळं करणं, गच्चीवर भाजी, घरी साबण, घरी लोणचं, आणि त्याचे फोटो. एकट्या माणसाचं स्वावलंबन कधीच नव्हतं. गांधीजींच्या चरख्याची गोष्ट घ्या. त्यांनी आत्मकथेत ती सविस्तर सांगितली आहे. गंगाबेन मजमुदारांना बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखे सापडले. चरखा मिळाला, पण कातायला पेळू कुठून आणायचे? पिंजलेल्या कापसाची वळी म्हणजे पेळू, ती नसेल तर चरखा नुसता फिरत राहणार. सुरुवातीला मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू दिले. पण गिरणीच्या पेळूवर हाताचं सूत कातणं गांधीजींना पटेना, म्हणून पिंजाऱ्याचा शोध सुरू झाला. मिळाला त्यानं महिना ३५ रुपये किंवा त्याहून जास्तच मागितले, आणि ते कबूल केले गेले. देशाच्या स्वावलंबनाची सुरुवात करताना एका पिंजाऱ्याची वाट पाहावी लागली होती. हे मी त्या शेख होऊ पाहणाऱ्या मुलाला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण वहीत लिहून घेतलं.

कुरआनची १०७ वी सूरह 'अल्-माऊन' फक्त सात आयतींची आहे. नमाजमध्ये ती पटकन म्हणून होते. तिचा शेवट ज्या शब्दावर होतो तोच तिचं नाव आहे, माऊन. काही मुफस्सिरांनी त्याचा अर्थ जकात असा केला. पण अब्दुल्लाह बिन मसऊद यांच्याकडून आलेला अर्थ असा की शेजाऱ्याला वापरायला द्यायच्या रोजच्या वस्तू : हंडी, कुऱ्हाड, बादली. या छोट्या वस्तू नाकारणाऱ्या माणसाबद्दल ती सूरह कठोर बोलते, आणि अनाथाला हाकलणाऱ्याच्या आणि दिखाऊ नमाजी माणसाच्या रांगेत त्याला बसवते. मी ही सूरह लहानपणापासून म्हणत आले, पण बादलीचा अर्थ वाचला तेव्हा थांबले. आमच्या बिल्डिंगमध्ये २४ फ्लॅट आहेत. माझ्या मोजणीप्रमाणे त्यात किमान नऊ ड्रिल मशीन आहेत. प्रत्येक मशीन वर्षाकाठी दहा-वीस मिनिटं चालत असेल. शिडी मात्र एकही नाही.

वाटून वापरण्याची सवय आपल्याला नवी नाही. प्रत्येक जमातीकडे देगी, परात, दस्तरखान, सतरंज्या असतात. लग्नाला त्याच फिरतात. आणि सगळ्यात जुनी सामायिक वस्तू म्हणजे जनाजा आणि गुसलचा तख्ता. तो कुणी स्वतःसाठी विकत घेऊन ठेवत नाही. तरी तो कायम ठीकठाक असतो, कारण तो सगळ्यांना लागणार आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मराठी मुलखात ही रीत आपल्यापुरती नाही. देशावरच्या गावांत इर्जिक होती. ज्याचं रान नांगरायचं राहिलं त्याच्याकडे सगळे आपापली अवजारं घेऊन जात आणि तो जेवण घाली. चाकणच्या उत्तरेला आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात आदिवासी शेतकरी भाताची खाचरं मिळून बांधतात, त्याला पडकई म्हणतात.

पैसे वाटण्यात तर आपण मागे नाही. २०२० च्या रमजान ईदला इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं ईदचा खर्च टाळून ३६ लाख रुपये उभे केले आणि तिथल्या आयजीएम रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग झाला. ते वाचून छाती भरून आली होती. पण पैसा वर्षातून एकदा वाटला जातो. वस्तू आणि हुनर वर्षभर वाटता येतात, आणि ते वाटायला साहिबे-निसाब असावं लागत नाही. गरिबालाही देता येतं, हे मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं. जकात घेणाऱ्या बाईच्या हातात रफूचा हुनर असेल तर ती उस्ताद म्हणून पुढे बसते आणि जकात देणारी तिच्यासमोर शिकायला.

आपल्या या औद्योगिक पट्ट्यात दुरुस्तीचं आणि पुनर्वापराचं ज्ञान सगळ्यात जास्त जिथं साठलं होतं, ती जागा म्हणजे चिखलीजवळची कुदळवाडी. चाकणच्या कंपन्यांत सुटे भाग लाकडी खोक्यांतून येतात. ती खोकी, पिंपं, क्रेट, पत्र्याचे तुकडे कुदळवाडीत यायचे आणि तिथून टेबल, कपाट, पाण्याचं पिंप होऊन बाहेर पडायचे. माझ्या घरातलं पुस्तकांचं कपाट अशाच खोक्यांचं आहे. तिथला माणूस प्लास्टिकचा तुकडा वाकवून, आपटून, थोडा जाळून वासावरून सांगायचा की हे कोणत्या जातीचं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली हजारो बांधकामं अनधिकृत म्हणून पाडण्यात आली. तिथं आगी लागत, धूर होई, नदीत घाण जाई. या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण त्या महिन्यात माझ्या शाळेतून काही मुलं दाखले घेऊन गेली, आणि ती कुठे गेली हे मला आजही नीट कळलेलं नाही. त्यांच्या वडिलांच्या बोटांत जे ज्ञान होतं, तेही त्यांच्याबरोबर गेलं. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. ज्यांच्याकडे नाक मुरडलं जायचं त्यांना ओळखपत्र मिळालं. भंगारातल्या कारागिरालाही कायदेशीर, सुरक्षित जागा आणि ओळख देता येईल. ती मागणी आपण संघटित होऊन करायला हवी.

आमच्यापुरतं आम्ही एक छोटं काम दोन वर्षांपासून चालवतो. सहाजणींनी मिळून एक वही केली. तिच्यात दोन रकाने आहेत : माझ्याकडे काय आहे, आणि मला काय येतं. मदरशाची एक खोली रविवारी दुपारी रिकामी असते, ती मिळाली. पहिल्या रकान्यात शिडी (ती शेवटी वर्गणीतून घेतली), ड्रिल, मोठी डेग, वजनकाटा, शिलाई मशीन, व्हीलचेअर, वॉकर. सगळ्यात जास्त फिरतो तो वॉकर. तो एका घरातल्या आजींच्या इंतकालनंतर आला आणि आत्तापर्यंत अकरा घरं फिरला.

दुसरा रकाना भरायला वेळ लागला. बायका म्हणायच्या, हमना क्या आता? मग एकीला बोलतं केलं तर कळलं, तिला रफू येतो. कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि त्याच धाग्यांनी भोक विणून काढायचं, म्हणजे रंग तंतोतंत जुळतो. शेजारच्या मावशी साताऱ्याकडच्या. त्यांना गोधडी येते. गोधडी एकटीनं होत नाही. जुन्या साड्या अंथरून चौघी चार बाजूंना बसतात आणि कडेकडून धावदोरा घालत मध्यावर येतात. तोवर चार घरांच्या गोष्टी बोलून झालेल्या असतात. चाकणला ठेक्यावर असलेला एक मुलगा आहे. कंपनी काही महिन्यांनी 'ब्रेक' देते, तेव्हा तो घरी बसतो. तो मिक्सर शिकवतो. बंद पडलेल्या मिक्सरच्या तळाचं लाल बटण आधी दाबून बघा, मग कपलर बघा, मग कार्बन ब्रश. निम्मे मिक्सर लाल बटणावरच चालू झाले. मागच्या ब्रेकमध्ये त्यानं घरोघरी दुरुस्त्या करून खोलीचं भाडं भागवलं. 'लोगां मेरेकू उस्ताद बोलतें,' हे तो हसत सांगतो, पण त्याच्या अम्मीचा चेहरा बघायला हवा.

सगळं गोड नाही. एकीचा मिक्सर जळून परत आला आणि दोन घरं महिनाभर बोलत नव्हती. ड्रिल नेणाऱ्यानं ते भाड्यानं फिरवल्याचं कळलं. त्यातून नियम झाले. वस्तू नेली तर किंचित बरी करून परत द्यायची. सुरी नेली तर धार लावून, डेग नेली तर घासून. मोडली तर लपवायची नाही, रविवारी आणायची आणि सगळ्यांसमोर उघडायची. पैसे घ्यायचे नाहीत. आणि विजेच्या वस्तूला उस्तादाशिवाय हात लावायचा नाही.

शाळेतही हे आणता येतं, त्यासाठी नवीन काही मागावं लागत नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. हाताच्या कामातून शिक्षण, हा त्या आराखड्याचा गाभा. बी.एड.च्या परीक्षेत आम्ही तो पाठ करून लिहिला, आणि शाळेत आल्यावर कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं केली. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे, त्यात स्थानिक कारागिरांकडून शिकणं आहे. यंदा एका दिवशी मी वर्गात रफूवाल्या खालांना बोलावलं. मुलांनी आपापल्या फाटक्या दप्तरांवर हात चालवला. भाषेचा तासही झाला : तात, मोगरी, पेळू, धावदोरा, सहाण, नवसागर. शब्द वस्तूबरोबरच मरतात, हे मराठीच्या शिक्षिकेनं पाहिलेलं आहे; वस्तू हातात आली की तेच शब्द मुलं एका तासात शिकतात, हेही मी आता पाहिलं.

अब्बांचं पिंजण मी माहेरून आणून वर्गाच्या भिंतीला टेकवलं आहे. तात तुटलेली आहे. ती बसवणारं कुणी भेटलेलं नाही.

आमच्या वहीत शिवणारे आहेत, सांधणारे आहेत, धार लावणारा एक शिकलगारही मिळाला. त्या मुलीचेच आजोबा. कल्हई करणारं मात्र कुणी नाही. पिंपरी-चिंचवड, देहू, आळंदी, चाकण, राजगुरुनगर, या भागात तुमच्या माहितीत कुणी बुजुर्ग असेल तर त्यांचा एक रविवार आम्हाला हवा आहे. जाण्या-येण्याचं आणि जेवणाचं आम्ही बघू. कथील, नवसागर, कोळसा आणून ठेवू. भाता तेवढा त्यांनी आणावा, कारण तो इथं कुणाच्याच घरात सापडला नाही.